पुस्तकावरून शिकलेली चित्रदुरुस्ती : कुंभकोणम्‌कडून पाहिलेला एक इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा मंडळाच्या कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा प्रारंभी आम्हांस संकोचच वाटला. आम्ही कोणी इतिहासकार नव्हे. कुंभकोणम्‌सारख्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील आम्ही चौघे जण. कोणी बँकेत नोकरी केली, कोणी शाळेत शिकविले, एकाचा पितळी समयांचा व्यापार. परंतु या स्मरणिकेत जी जुनी कौटुंबिक छायाचित्रे छापली जात आहेत, त्यांतील काहींची डागडुजी आमच्या हातून झालेली आहे. ही विद्या तुम्ही कोठे शिकलात, असे मंडळाच्या मेळाव्यांत आम्हांस अनेकदा विचारण्यात येते. त्याचे उत्तर अगदी साधे आहे : आम्ही ती पुस्तकांवरून शिकलो. गुरू नव्हता, वर्ग नव्हता. पुस्तक समोर उघडे ठेवून एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने संगणकावर हात चालवावा, अशी ती आमची शाळा होती.

या शाळेत आम्ही काय मिळविले आणि काय गमाविले, हे सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. कारण चित्राची दुरुस्ती ही संगणकाने जन्मास घातलेली विद्या नव्हे. आणि तंत्रविद्या पुस्तकावरून शिकणे हीदेखील आपल्या लोकांना नवी गोष्ट नव्हे. या दोन्ही धाग्यांची काही टोके कावेरीकाठच्या याच प्रदेशात सापडतात.

ग्रंथांचा प्रदेश

इ. स. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी उर्फ एकोजी राजे यांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ साली कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. या सुमारे १८० वर्षांत जी मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात आली व स्थिरावली, त्यांचे वंशज म्हणजे आज ज्यांना तंजावरी मराठी म्हणतात ते लोक. तंजावरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर असलेले कुंभकोणम् हे त्यांच्या वस्तीचे एक प्रमुख स्थान होते.

या राजघराण्यातील दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांचे नाव प्रत्येक ग्रंथप्रेमी माणसाने आदराने घ्यावे असे आहे. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथसंग्रहास त्यांनी सरस्वती महालाचे भव्य रूप दिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांच्या जोडीला त्यांनी युरोपातून हजारो छापील पुस्तके मागविली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास देवनागरी छापखाना उभारून इसापच्या गोष्टींचे मराठी रूप ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापविले. वैद्यक, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र या विषयांचे इंग्रजी ग्रंथ ते स्वतः अभ्यासीत. त्यांच्या वैद्यकशाळेत नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून घेऊन ती रोगाच्या टिपणांस जोडण्याची पद्धत होती. चित्रासोबत त्याची लेखी नोंद असावी, हा दंडक त्या कागदांतून आजही स्पष्ट दिसतो. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे आम्हांस तिचा संबंध फार जवळून आला.

कुंभकोणम् गावाची कीर्तीही विद्येचीच. १८५४ साली येथे सुरू झालेली सरकारी शाळा पुढे महाविद्यालय झाली आणि या गावास ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणू लागले. पुस्तकावरून विद्या शिकण्याचे या देशातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच गावात घडले. श्रीनिवास रामानुजन् हे सारंगपाणी मंदिरासमोरील रस्त्यावरच्या एका लहान घरात वाढले. शाळेत असताना, १९०३ साली, त्यांच्या हाती जी. एस. कार नावाच्या एका इंग्रज शिक्षकाचे गणिताचे पुस्तक आले. ते काही थोर ग्रंथ नव्हते. केंब्रिजच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी सुमारे पाच हजार सूत्रांची केलेली ती एक जंत्री होती. सूत्रे होती, पण त्यांच्या सिद्धता बहुधा नव्हत्या, किंवा होत्या त्या अगदी त्रोटक. त्या मुलाने ती सूत्रे आपल्या बुद्धीने सोडवीत नेली आणि त्यातून एक जगन्मान्य गणिती उभा राहिला.

या कथेची दुसरी बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. कागद महाग म्हणून रामानुजन् पाटीवर गणित करीत, कोपराने पुसून टाकीत आणि केवळ अंतिम निष्कर्ष वहीत उतरवीत. कारच्या पुस्तकानेही त्यांना निष्कर्ष मांडण्याचीच रीत शिकविली होती. परिणामी त्या वह्यांतील सूत्रे कशी सिद्ध झाली असतील याचा शोध घेण्यात पुढील गणितज्ञांची कित्येक दशके गेली. पुस्तक शिकवते तेव्हा आपली उणीवही नकळत शिष्यास देऊन जाते, हे कुंभकोणम्‌च्या माणसांनी तरी विसरू नये.

ढग रंगविणारा कप्तान

आता छायाचित्राकडे वळू. १८५६ साली मद्रास सरकारने लिनियस ट्राइप नावाच्या लष्करी कप्तानाची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. तंजावरचे राज्य खालसा होऊन तीनच वर्षे झाली होती तेव्हा, म्हणजे १८५८ च्या प्रारंभी, हे गृहस्थ अवजड कॅमेरा व मेण लावलेले कागद घेऊन तंजावर आणि तिरुवैयारु या भागात आले. बृहदीश्वर मंदिराच्या अधिष्ठानावर कोरलेल्या लेखांची त्यांनी क्रमाने छायाचित्रे घेतली आणि २१ चित्रे एकास एक जोडून सुमारे १९ फूट लांबीचा एकच पट तयार केला. आज संगणकावर अनेक चित्रे जोडून एक रुंद चित्र करतात, त्याचाच हा हस्तकृत पूर्वज म्हणावा.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या काळच्या रसायनांवर निळ्या रंगाचा परिणाम अतिशय तीव्र होत असे. त्यामुळे आकाश चित्रात उतरतच नसे. तेथे केवळ कोरी पांढरी जागा राही. ट्राइप यांनी यावर उपाय काढला. त्यांनी कागदी निगेटिव्हवर रंगाने ढग काढले, झाडांची पाने कुंचल्याने स्पष्ट केली. त्यांच्या दक्षिण भारतातील काही चित्रांत जे सुंदर ढग दिसतात, ते त्या दिवशी आभाळात असतीलच असे नाही. सरकारी नोंदीसाठी घेतलेल्या छायाचित्रांची ही कथा आहे. तेव्हा संगणक आला आणि छायाचित्र खोटे बोलू लागले, असे जे म्हटले जाते त्यात फारसे तथ्य नाही.

पुढे गावोगावी फोटो स्टुडिओ निघाले आणि ‘रीटचिंग’ हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. उतरत्या मेजावर दुधी काच, तिच्याखाली उजेड परावर्तित करणारा आरसा आणि काचेवर निगेटिव्ह ठेवून कारागीर सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने बारीक ठिपके देई. चेहऱ्यावरील सुरकुती निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसते. तेथे पेन्सिलीने शिसे भरले की छापील चित्रात ती जागा उजळ होते व सुरकुती नाहीशी होते. नको तो गडद भाग अणकुचीदार सुरीने खरवडून कमी करावयाचा. ही विद्या बहुधा बाप मुलास व उस्ताद शागिर्दास देई. आपल्या घरांतील आजोबा-पणजोबांच्या तसबिरींतील चेहरे जे इतके नितळ दिसतात, त्याचे श्रेय काही अंशी अशा अनामिक हातांना आहे.

कुंभकोणम्, बडोदे, लोणावळे

पुस्तकावरून तंत्र शिकण्याचा मराठी माणसाचा जो इतिहास आहे, त्याचे एक सूत्र कुंभकोणम्‌च्या एका मराठी सुपुत्रापासून निघते. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथे झाला. त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. १८७५ ते १८८२ या काळात ते बडोद्यास होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेल्या बाल सयाजीरावांची राज्यकारभारासाठी घडण करण्याचे कार्य त्यांच्याकडे होते. त्यासाठी त्यांनी दिलेली इंग्रजी व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने १८८१ साली पुस्तकरूपाने छापली गेली. राज्य कसे करावे याचेही पुस्तक असू शकते, असा विश्वास त्या पिढीस होता.

याच माधवरावांनी १८८४ च्या सुमारास चित्रकार राजा रविवर्मा यांना पत्राने एक सूचना केली. आपल्या चित्रांस मागणी फार आणि आपले हात दोनच; तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी शिळाछाप प्रती काढवून घ्याव्यात, असा तिचा आशय होता. या विचाराला दहा वर्षांनी मूर्त रूप आले. १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना मुंबईस गिरगावात निघाला व काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला. आपल्या देवघरांतील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी तेथून घरोघर पोहोचल्या.

इकडे बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केले. उद्योगविद्या लोकांना त्यांच्या मातृभाषेतून मिळाली पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक तरुण छायाचित्रण, छपाई व तिरंगी ठसे करण्याचे तंत्र शिकला. पुढे त्याने लोणावळ्यास राहून रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम केले. हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

१९११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी चित्रपट करण्याचा ध्यास घेतला तेव्हा हिंदुस्थानात ती विद्या शिकविणारा कोणीही नव्हता. त्यांचे शिक्षण झाले ते विलायतेहून मागविलेल्या किमतीच्या यादींवरून, नियतकालिकांवरून आणि चलच्चित्रणाच्या मुळाक्षरांची ओळख करून देणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकावरून. सेसिल हेपवर्थ यांचे ते पुस्तक १८९७ साली निघालेले होते. अहोरात्र अभ्यास व प्रयोग करून दादासाहेबांचे डोळे गेल्यासारखे झाले होते. उपचारांनी ते बचावले. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि ज्या हेपवर्थांचे पुस्तक वाचले होते, त्यांच्याच चित्रनिर्मितीगृहात त्यांना प्रत्यक्ष काम पाहावयास मिळाले. परत आल्यावर त्यांनी प्रथम काय केले असेल? कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याचा वेल वाढताना कॅमेऱ्याने टिपला. पुस्तकातील ज्ञान आपल्या घरातल्या वस्तूवर पडताळून पाहण्याची ही रीत होती. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तो या वाटाण्याच्या वेलानंतर.

कुंभकोणम्‌च्या माधवरावांनी केलेली एक सूचना, बडोद्याची मातृभाषेतील उद्योगशाळा आणि लोणावळ्याचा छापखाना यांची ही साखळी आम्हांस दूर राहणाऱ्या मराठी माणसांचा एक वारसा वाटते. त्या तुलनेत आमचा उद्योग म्हणजे समुद्रापुढे पळीभर पाणी. परंतु त्याची जात तीच होती.

पुस्तकातली शाळा

१९८७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात थॉमस नोल नावाच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्यावर करड्या छटा दाखविणारा एक कार्यक्रम लिहिला. त्याच्या वडिलांची घरात डार्करूम होती व मुलगा तेथेच छायाचित्रे धुण्यास शिकलेला होता. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतील दृश्यचमत्कार करणाऱ्या संस्थेत कामास होता. दोघांनी मिळून तो कार्यक्रम वाढविला आणि अॅडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये तो ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आणला. त्यातील कित्येक हत्यारांची नावे जुन्या डार्करूममधूनच आलेली आहेत. छापताना हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवणे किंवा जास्त प्रकाश देऊन तो गडद करणे, या क्रिया तेथे ‘डॉज’ व ‘बर्न’ या मूळ नावांनीच नांदतात. १९९४ साली त्यात ‘लेअर’ आले, १९९८ साली केलेल्या कृतींची यादी दाखविणारी ‘हिस्टरी’ नावाची खिडकी आली आणि २००२ साली डाग भरून काढणारा ‘हीलिंग ब्रश’ आला.

या कार्यक्रमाबरोबरच एक नवा ग्रंथप्रकार जन्मास आला. विटेएवढी जाड पुस्तके, गुळगुळीत कागद, पानोपान पडद्याची चित्रे आणि शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटविलेल्या पाकिटात एक तबकडी. कंपनीच्याच अधिकृत मालिकेचे नाव ‘क्लासरूम इन अ बुक’ असे होते, म्हणजे शब्दशः पुस्तकातली शाळा. कॅट्रिन आइस्मन यांचे केवळ जुन्या छायाचित्रांच्या दुरुस्तीस वाहिलेले ‘फोटोशॉप रिस्टोरेशन अँड रीटचिंग’ हे पुस्तक २००१ साली निघाले. मराठीतही संगणकाच्या शिकवणीची पुस्तके हळूहळू निघू लागली होती, पण ती कुंभकोणम्‌पर्यंत पोहोचत नसत. तेव्हा २००३ साली आमच्यापैकी एकाने चेन्नईहून अशी दोन इंग्रजी पुस्तके आणली आणि बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राच्या ओसरीवर आमचा अभ्यास सुरू झाला.

पहिल्या धड्याच्या शिरोभागी लिहिलेले होते की, या धड्यास सुमारे एक तास लागेल. आम्हांस तीन संध्याकाळ लागल्या. एक जण वाक्य वाची, दुसरा त्याचा मराठीत अर्थ सांगे, तिसरा उंदीर हलवी आणि चौथा डिग्री कॉफी आणण्याच्या निमित्ताने उठून जाई. परंतु अर्थ सांगण्याच्या या सक्तीनेच आम्हांस खरे शिकविले, असे आता वाटते. ‘लेअर’ म्हणजे काय, हे इंग्रजी व्याख्येने कळेना. घरातील एका वृद्धेने ऐकता ऐकता म्हटले, “म्हणजे पातळाचे पदरच की. वरच्या पदरातून खालचा दिसतो.” त्या दिवसापासून आमच्या वर्गात त्यास पदर हेच नाव पडले. मूळ चित्र सर्वांत खालच्या पदरात ठेवावे, त्याला हात लावू नये आणि दुरुस्ती वरच्या पदरावर करावी, हे तत्त्व मग कोणास समजावून सांगावे लागले नाही.

वाचकांपैकी कोणास हा उद्योग करावयाचा असेल, तर त्याचा क्रम थोडक्यात असा. प्रथम जुने छायाचित्र स्वच्छ, कोरड्या मऊ कुंच्याने झाडावे. ओल्या फडक्याने कदापि पुसू नये. मग ते स्कॅनरवर ठेवून मूळ आकारात इंचास निदान ३०० ठिपके, आणि चित्र लहान असल्यास ६०० वा अधिक ठिपके, या सूक्ष्मतेने उतरवावे. चित्र काळेपांढरे असले तरी ते रंगीत म्हणूनच उतरवावे, म्हणजे पिवळे डाग वेगळे ओळखता येतात. त्यानंतर छटांचा आलेख पाहावा. जुने चित्र फिके पडते म्हणजे त्यातील खरा काळा व खरा पांढरा नाहीसा होऊन सर्व छटा मध्यावर गोळा होतात. आलेखाची दोन टोके आत सरकविली की चित्रास प्राण आल्यासारखे वाटते. चिरा व ओरखडे भरण्यासाठी जवळचाच चांगला भाग उचलून तेथे ठेवावा लागतो; हे काम ‘क्लोन स्टॅम्प’ करतो. ‘हीलिंग ब्रश’ त्याच्याही पुढे जाऊन उचललेल्या भागाची पोत घेतो, परंतु उजेड-अंधार मूळ जागेचाच राखतो. काम लहान कुंचल्याने आणि चित्र मोठे करून करावे, व अधूनमधून ते लहान करून दुरून पाहावे, म्हणजे आपण वाहवत तर गेलो नाही ना, हे कळते.

पुसलेली ओळ

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे आम्हांस सुखाचे नाही. परंतु आमची प्रशंसा होत असताना ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

वर्ग सुरू होऊन वर्ष झाले होते. एका परिचित मराठी घरातून आमच्याकडे एक कौटुंबिक छायाचित्र आले. ओसरीवर बसलेली व उभी असलेली नऊ माणसे, पुरुषांच्या डोक्यास पागोटी, बायका नऊवारी लुगड्यांत. चित्र पुठ्ठ्यावर डकविलेले, ओल लागून डागाळलेले आणि एका कोपऱ्यात फाटलेले होते. आम्ही ते मोठ्या उत्साहाने हाती घेतले. पुस्तकातील डाग काढण्याचे प्रकरण समोर होतेच. चेहरे उजळले, फाटलेला कोपरा भरला. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेस शाईचे काही फिकट, वळणावळणाचे ओरखडे होते. ते आम्ही डागांबरोबरच साफ केले. आनंदाच्या भरात फाइल त्याच नावाने जतन केली. मूळ चित्र घरी परत केले आणि नवी छापील प्रत चौकटीत घालून भेट दिली.

त्या घरच्या थोरल्या अक्कांनी, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते, ती प्रत डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली आणि विचारले, “फार छान झाले रे, पण खालची अक्षरे कुठे गेली?”

ती मोडी अक्षरे होती. त्यांच्या आजोबांनी त्या नऊ माणसांची नावे तेथे लिहून ठेविली होती. आम्हां चौघांपैकी कोणासही मोडी वाचता येत नव्हती, म्हणून आम्हांस ती अक्षरे म्हणून दिसलीच नाहीत.

मूळ चित्र पुन्हा आणून नव्याने उतरवू, असे आम्ही म्हटले, आणि आज-उद्या करीत ते राहून गेले. दोन पावसाळ्यांनंतर ते जुने घर उतरविले गेले. माळ्यावरच्या पेटीत वाळवी शिरलेली होती व पेटीतील कागदांबरोबर ते चित्रही गेले होते. आमच्या संगणकात जी फाइल होती तिच्यात तो पुठ्ठा पांढरा स्वच्छ होता. कार्यक्रमातील ‘हिस्टरी’ नावाची ती खिडकी केवळ शेवटच्या वीस कृती ध्यानात ठेवीत असे आणि फाइल बंद करताच तेवढ्याही विसरत असे. मूळ प्रत निराळी जतन करून मगच कामास हात घालावा, ही सूचना पुस्तकाच्या अगदी आरंभी छापलेली होती. आम्ही ती वाचली होती, मराठीत एकमेकांस सांगितलीही होती.

मग आम्ही अक्कांकडे जाऊन बसलो. त्यांनाही मोडी येत नव्हती. परंतु लहानपणी त्यांचे वडील ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवीत, ते त्यांच्या कानात होते. डोळे मिटून त्यांनी डावीकडून नावे सांगण्यास प्रारंभ केला. सहा नावे आठवली. मागील रांगेतील दोन पुरुष आणि टोकाला उभी असलेली, कडेवर मूल घेतलेली एक तरुण स्त्री, या तिघांची नावे त्यांना आठवेनात. त्यांनी पुढच्या भेटीत पुन्हा प्रयत्न केला, त्याच्या पुढच्या भेटीतही केला. अक्का आता नाहीत. स्मरणिकेत ते चित्र छापले आहे. त्याखाली सहा नावे आहेत आणि तीन जागा रिकाम्या सोडल्या आहेत. वाचकांपैकी कोणाच्या घरी त्याच चित्राची दुसरी प्रत असल्यास कृपया मंडळास कळवावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

जे पुस्तकात नसते

त्या प्रसंगानंतर आम्हांस कार साहेबांचे पुस्तक आणि रामानुजन् यांची पाटी यांचा अर्थ थोडा अधिक कळला. शिकवणीचे पुस्तक कृती सांगते : येथे दाबा, तेथून उचला, असे भरा. डाग कसा काढावा हे ते उत्तम सांगते. परंतु अमुक एक खूण डाग आहे की अक्षर, हे त्या पुस्तकाचा अमेरिकेत बसलेला लेखक कसे सांगणार? ते ज्ञान त्या घराजवळ असते, आणि तेही फार दिवस राहत नाही. सरफोजी महाराजांच्या वैद्यकशाळेत डोळ्याच्या चित्रास रोगाची नोंद जोडीत असत. आमच्या त्या पुठ्ठ्यावर चित्र व नोंद यांची तीच जोडी होती आणि ती आम्ही सुधारणेच्या नावाखाली फोडली.

आमच्यापैकी दोघे पुढे मोडी शिकले, आणि तीही पुस्तकावरूनच. मुळाक्षरांचा तक्ता, तुलनेसाठी बाळबोध लिप्यंतर आणि रोज अर्धे पान, असा क्रम ठेवला. गती अद्याप मंद आहे. पण आता पुठ्ठ्याच्या कडेवरचा ओरखडा पाहिला की हात आपोआप थांबतो. २०१४ साली मोडी लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही वार्ता ऐकली तेव्हा आम्हांस अक्कांची आठवण झाली.

काळ पुढे गेला आहे. २०१३ पासून ‘फोटोशॉप’ची नवी आवृत्ती विकत न मिळता वर्गणीने मिळू लागली. विटेएवढी पुस्तके मागे पडून तरुण मंडळी दृक्‌श्राव्य धडे पाहून शिकतात, आणि ‘गिंप’सारखा विनामूल्य कार्यक्रम १९९६ पासून उपलब्ध आहेच. २०२३ पासून तर फाटलेली जागा संगणक आपल्या कल्पनेने भरून देतो. चेहऱ्याचा अर्धा भाग नसला तरी तो नवा चेहरा रचतो, आणि तो चेहरा सुंदर असतो. ट्राइप कप्तानाने ढग रंगविले तेव्हा निदान आकाश तरी तेथे होते. आपल्या पणजीचा जो चेहरा कोणीच पाहिलेला नाही, तो यंत्राने रचून दिला तर पुढची पिढी त्यालाच नमस्कार करील. याची परीक्षा करणारे कोणी घरात शिल्लक असेल की नाही, याची चिंता आम्हांस वाटते. ज्या घरांची भाषा आणि लिपी हळूहळू सुटत चालली आहे, त्या आपल्यासारख्या घरांस तर हा धोका अधिकच.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या सर्व कुटुंबांस आमचे एवढेच सांगणे आहे. घरातील जुनी छायाचित्रे काढा. ती दुरुस्त करण्याची घाई करू नका. प्रथम पुढून, मागून व पुठ्ठ्यासकट जशीच्या तशी उतरवून घ्या आणि ती प्रत निराळी ठेवा. घरात जे वडीलधारे असतील त्यांच्याजवळ बसून प्रत्येक माणसाचे नाव, नाते आणि गाव विचारा, आणि ते मराठीत लिहा. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर शेजारी त्यांना येईल त्या लिपीतही लिहा. नाव आठवत नसेल तर जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका. एवढे झाल्यावर मग पुस्तक उघडा आणि खुशाल डाग काढा.

कोणास या कामी साहाय्य हवे असल्यास आमची ओसरी उघडी आहे. ती दोन पुस्तके अजून तेथेच आहेत. त्यांची पाने सुटली आहेत, तबकड्या चालत नाहीत, आणि पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यावर, मूळ प्रत राखून ठेवण्याच्या सूचनेखाली, आमच्यातील शिक्षकाने तांबड्या शाईने ओढलेली रेघ आहे. ती रेघ वर्षभर उशिरा ओढली गेली. नव्याने शिकू येणाऱ्यास आम्ही प्रथम तीच दाखवितो.